बाधलेलं कढण

राहुलने बर्फाच्या खोक्यातून सहावी बाटली काढून ओट्यावर ठेवली, तेव्हा सत्यवतीला हसू आवरेना.

"जावईबापू, हे औषध हाय का दारू?"

"बोन ब्रॉथ आहे, आत्या. मैत्रीच्या डाएटिशियननं सांगितलंय. रोज दोन वेळा एकेक वाटी. हाडं बारा बारा तास शिजवून काढतात."

सत्यवतीने एक बाटली खिडकीच्या उजेडात धरली, हलवली, डोळे बारीक करून वरची चिठ्ठी वाचली. मग माजघराकडे तोंड करून ओरडली, "दादा, इकडं ये! आपलं पायांचं कढण बाटलीत बसून खारघरवरनं आलंय बघ!"

जयमाला शेगडीपाशी चहा गाळत होती. हसावं म्हणून तिने ओठ हलवले, पण गाळणं हातात वाकडं झालं आणि चहाची पत्ती कपात पडली. कुणाचं लक्ष नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. सत्तावीस वर्षं झाली होती, आणि 'कढण' हा शब्द कुणी नुसता उच्चारला तरी तिच्या हातातलं काम बिघडायचं.

घर माणसांनी भरलं होतं. मैत्रीचं अलिबागला ऑपरेशन होऊन मुलगी झाली त्याला आज बारा दिवस झाले होते. बाळंतपणाला ती चौलला माहेरी आली होती आणि उद्या सकाळी बाळाचं नाव ठेवायचं होतं. त्यासाठी आत्या सत्यवती पहिल्या गाडीने थळहून आली होती, आणि राहुल आपली सुट्टी जोडून खारघरहून. मैत्रीचे वडील, म्हणजे प्रफुल्ल, पंचायत समितीतून गेल्याच वर्षी निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक गोष्टीवर शेरा मारल्याशिवाय त्यांना राहवत नसे. त्यांची बायको जयमाला मात्र अजून नोकरीत होती. गावाजवळच्याच शाळेची मुख्याध्यापिका. गावात तिला बाई म्हणत, आणि खरं बोलावं कसं हे तिने अठ्ठावीस वर्षं मुलांना शिकवलं होतं.

मैत्रीने गरम केलेल्या वाटीतला एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"हॉस्पिटलातलं पाणी लागतंय. आत्या, तू सांगायचीस ते कढण असं असतं?"

"ह्यात जीव कुठाय? आईचं कढण रातभर ठेवलं की सकाळी खरवसासारखं थिजायचं. चमच्यानं कापायला लागायचं."

"मग मला आजीच्या हातचंच पाहिजे," मैत्री म्हणाली. "आजी, ऐकलंस का गं?"

मागच्या पडवीत चंदाबाई भिजलेले वाल सोलत बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, पण बोटं अजून अशी चालत की साल वेगळी आणि डाळिंबी वेगळी कधी झाली ते कळू नये. त्या बोटांचं चालणं थांबलं.

"माझ्या हातचं नको, बाय," त्या म्हणाल्या. "तुझा नवरा एवढ्या लांबनं घेऊन आलाय, तेच पी."

"पण का?"

"नको म्हटलं ना."

सत्यवतीने पिशवीतून कागदाचं पुडकं काढून ओट्यावर आपटलं. "मी आनलेत आठ पाये. रेवदंड्याला उतरून खाटकाकडनं भाजून घेतलेत. आता आई करनार न्हाय तर काय मी माडाच्या बुडात पुरू?"

"सत्ये, आईला त्रास देऊ नकोस," प्रफुल्ल दारातून म्हणाले. आवाजात कचेरीतली धार होती. "एकदा झालं ते पुरे."

"काय झालं होतं?" राहुलने विचारलं. जावई नवा होता, आणि नव्या माणसाला घरातल्या झाकल्या मुठी ठाऊक नसतात.

प्रफुल्लनी घसा साफ केला. "मैत्री अशीच बारा दिवसांची होती. आम्ही अलिबागला भाड्याच्या खोलीत राहायचो. आईनं इथं सगळी रात्र जागून कढण केलं, मोठा टोप फडक्यात बांधून पहिल्या गाडीनं घेऊन आली. हिनं ते प्यायलं, आणि पोरीला जुलाब. डॉक्टर म्हणाले, आईच्या दुधातून बाधलं. पोरगी हातची जायची वेळ आली होती. यात आईचा दोष नाही, पण तेव्हापासून आम्ही कानाला खडा लावला."

जयमालाने चहाचे कप ताटलीत मांडले. एक, दोन, तीन, चार. 'हातची जायची वेळ' हे तिने कधी म्हटलं नव्हतं. ते नवऱ्याने वर्षावर्षाला थोडं थोडं वाढवलं होतं. बाकीचं सगळं मात्र तिचं होतं.

खरं काय घडलं होतं, ते या घरात एकट्या तिलाच माहीत होतं. त्या दिवशी तिने कढणाचा एक घोटसुद्धा घेतला नव्हता.

सासू टोप ठेवून बाळाची दुपटी धुवायला मागच्या विहिरीवर गेली, आणि समोरच्या घरातली मुलगी निरोप घेऊन आली: शाळेतल्या मोठ्या बाई आणि दोघी शिक्षिका बाळ बघायला येतायत, कोपऱ्यावर पोचल्यात. जयमालाला नोकरी लागून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. त्या शाळेत ती डब्यात कायम बटाट्याची भाजी न्यायची. पहिल्याच आठवड्यात एका बाईंनी तिच्या डब्याकडे बघत हसत विचारलं होतं, "आज काय, तुमच्यातलं काही नाही ना?" तेव्हापासून बटाटा. आणि आता खोलीभर हाडांचा वास कोंदला होता. टोपात होते ते बकऱ्याचे पाये, खाटकाकडून रोख देऊन आणलेले, अलिबागच्या निम्म्या घरांत शिजतात तसेच. पण त्या तिघी झाकण उचलून बघणार नव्हत्या, नुसता वास घेणार होत्या. आणि आपल्या घरात हाडं शिजताहेत म्हटल्यावर त्यांच्या मनात काय येईल, ते जयमालाला पुरतं ठाऊक होतं. छप्पन साली तिच्या आजेसासऱ्यांनी दीक्षा घेतली आणि मेलेलं जनावर ओढायचं काम आणि त्याचं मांस त्याच दिवशी टाकलं. घरचे ते अभिमानाने सांगत. गाव मात्र ते विसरायला तयार नव्हतं.

तिने टाके दुखत असताना तो टोप उचलला आणि मोरीत उपडा केला. वरून तीन बादल्या पाणी आणि अर्धी बाटली फिनेल. पाये कागदात गुंडाळून खिडकीतून मागच्या गटारात. बायका आल्या, चहा प्यायल्या, बाळाच्या हातावर एक झबलं ठेवून गेल्या. त्यांपैकी एकीचंही नाव आता जयमालाला धड आठवत नसे.

विहिरीवरून परत आलेल्या सासूने रिकामा टोप बघितला आणि तिचा चेहरा उजळला. "सगळं प्यालीस?" जयमाला हो म्हणाली. तिथेच थांबली असती तर निभावलं असतं. पण सासू म्हणाली, "मग उद्या परत आनते, म्हयनाभर देते." म्हणजे रोज तो वास, रोज ती धडधड. बाळाला आदल्या दिवसापासून पातळ होत होतंच, आणि डॉक्टरांनी अंगावर पिणाऱ्या मुलांना तसं होतं, घाबरू नका, असं म्हटलंही होतं. संध्याकाळी नवऱ्याने विचारल्यावर तिच्या तोंडून निघून गेलं, कढण बाधलं, डॉक्टरच म्हणाले.

चंदाबाईंनी ते दारातून ऐकलं. रिकामा टोप फडक्यात बांधला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेल्या.

"बरं, मग मीच करते," सत्यवतीने पदर खोचला. "कुकर कुठाय?"

"कुकरात हाड मऊ व्हतं, रस उतरत न्हाय," पडवीतून आवाज आला.

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. सत्यवतीने डोळा मारला आणि मुद्दाम मोठ्याने पाये टोपात टाकले.

"अगो, आधी खरवड की! काळं तसंच घालतेस? तांदळाचं पीठ नि हळद लाव, चोळ. नखं फोडून काढ. पहिलं उकळलेलं पानी टाकून दे, त्यात सगळा उग्र वास जातो."

"मग तू ये नि कर."

"मी लांबनं सांगते. हात लावनार न्हाय."

आणि तसंच झालं. चंदाबाई उंबऱ्याच्या पलीकडे पाट घेऊन बसल्या. सत्यवती खरवडत होती, राहुल आलं ठेचत होता, आणि प्रफुल्ल 'मी सांगितलं होतं' असा चेहरा करून वर्तमानपत्र वाचत होते. परसातली चूल जयमालाने पेटवली. बसून राहिली असती तर तिचं तोंड कुणाला तरी दिसलं असतं. गार पाणी, ठेचलेला लसूण-आलं, दहा-बारा मिऱ्याचे दाणे, हळद, आणि दोन आमसुलं.

"आमसूल कशाला, आजी?" राहुलने विचारलं. "बाटलीवर ॲपल सायडर व्हिनेगर लिहिलंय."

"आंबट असल्याबगर हाड सैल व्हत न्हाय. तुमच्या सफरचंदाला आमच्याकडं रातांबा म्हनतात."

मैत्री आतून हसली. "आजी, माझी डाएटिशियन म्हणते, लोक सांगतात तेवढी काही यात जादू नसते. हाडं जुळतात, केस वाढतात, सगळं खरं धरू नको. पण ऑपरेशननंतर पचायला हलकं, अंगाला लागतं, घसा शेकतो. एवढं पुरे ना?"

"शहानी हाय बाई. जादू न्हायच. ऊब हाय." चंदाबाईंचा चेहरा क्षणभर मोकळा झाला. "जाळ बारीक कर गो, जयमाला. उकळायचं न्हाय, नुसतं हसत र्‍हायला पायजे."

जयमालाने एक लाकूड मागे ओढलं. सासूकडे बघायचं तिने टाळलं.

दुपार कलली तसा वर पांढरा फेस आला, जयमालाने तो पळीने काढला, आणि खाली पाणी सोन्यासारखं व्हायला लागलं. बाळ मैत्रीच्या मांडीवर पेंगत होतं. ती परसात खुर्ची टाकून बसली होती.

"आजी, मीठ तरी तू घाल. तेवढाच तुझा हात लागू दे."

"नको."

"आजी, प्लीज."

"नको म्हटलं ना!" चंदाबाईंचा आवाज चिरकला. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "तुला कळत न्हाय, बाय. तुझी आई बोलली न्हाय कधी, तिचा मोठेपना. पन माझ्या हातात काय तरी हाय. बाळंतिनीला चालत न्हाय माझ्या हातचं. बारा दिस झाले, तुला भाकर तरी मी दिली का? एक घास दिला? माज्या लेकीच्या बाळंतपनालासुद्दा मी पानी उकळून दिलं न्हाय. इचार तिला."

सत्यवतीचं हसणं कुठल्या कुठे गेलं. "आई, तू तेव्हा म्हनालीस तुझे गुडघे दुखतायत."

"मग काय सांगू?"

बारा दिवस. जयमालाच्या डोळ्यांसमोरून ते बारा दिवस गेले. सासू मासे साफ करून द्यायची, वाल सोलायची, दळणाला जायची, आणि मैत्रीचं ताट वाढायची वेळ आली की कुठेतरी माडाखाली झापं वेचत असायची. म्हातारी थकली, असं जयमालाने मनाशी म्हटलं होतं. घरची मुख्याध्यापिका, चाळीस मुलांत कुणाचं लक्ष नाही ते तिला पाठमोरं कळायचं.

"बघितलंस?" प्रफुल्ल बहिणीवर खेकसले. "सणासुदीला आईला रडवलंस. कशाला उकरायचं जुनं? जया एवढी वर्षं गप्प बसली ना? तिनं कधी आईला एक शब्द बोलून दाखवला?"

हे मात्र जयमालाला सोसलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर तिने ऐकून घेतल्या असत्या. पण हे कौतुक अंगावर उकळतं पाणी पडावं तसं पडलं.

"मी प्यायलेच नव्हते," ती म्हणाली.

"काय?"

"कढण. मी प्यायले नव्हते. मोरीत ओतलं."

चुलीतलं लाकूड तडतडलं. प्रफुल्लना ऐकू आलं होतं, पण समजलं नव्हतं.

"पण डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. मी म्हणाले. पोरीला पातळ होत होतं ते आई यायच्या आधीपासून."

"मम्मी, का?" मैत्री म्हणाली.

"शाळेतल्या बाई येणार होत्या."

"मग?"

जयमालाला वाटलं, एवढ्यावर मुलीने समजून घ्यावं. पण मैत्री तिच्याकडे बघत राहिली. तिला खरोखरच कळलं नव्हतं. ती ऑफिसात डबा उघडून सुकट खायची आणि वास आला तर खिडकी उघडा म्हणायची.

"मला लाज वाटली," जयमाला म्हणाली. "खोलीत हाडांचा वास येत होता. त्यांना वाटेल, अजून हे... अजून हे लोक तेच खातात."

"बकऱ्याचे पाये होते ते, वहिनी," सत्यवती हळू म्हणाली. ओरडेल असं वाटत होतं, पण तिचा आवाजच बसला होता. "बाबांनी खाटकाला आदल्या दिशी सांगून ठेवले होते."

"माहीत होतं मला. मला सगळं माहीत होतं."

"सत्तावीस वर्षं," प्रफुल्ल म्हणाले. "मी लोकांना सांगत फिरलो. लग्नात, बारशात. माझ्या आईच्या हातचं बाधलं म्हणून मी सांगत फिरलो!" ते बायकोकडे बघत होते, पण लाज त्यांच्या स्वतःच्या तोंडावर पसरत चालली होती. खोटं तिचं होतं, पण पाणी घालून ते वाढवलं त्यांनीच होतं. वर्तमानपत्राची घडी करता करता ते आत निघून गेले.

राहुल उठावं की बसावं अशा विचारात अर्धा उभा राहिला. सत्यवतीने त्याच्या हाताला धरून खाली बसवलं.

जयमाला सासूपुढे जमिनीवर बसली. पाया पडायला वाकली, तर चंदाबाईंनी पाय मागे घेतले. रागाने नव्हे, अंग चोरावं तसे.

"आई, तुमच्या हातात काही नव्हतं. कधीच नव्हतं. जे होतं ते माझ्या डोक्यात होतं."

चंदाबाईंनी पदराखालून हात काढले. उलटे सुलटे करून पाहिले. मग उठल्या, चुलीपाशी गेल्या, सत्यवतीकडे हात पुढे केला. सत्यवतीने मिठाची बरणी दिली. चंदाबाईंनी चिमूट अंदाजाने टोपात सोडली, पळीने ढवळलं, दोन थेंब तळहातावर घेऊन चाखलं. आणखी किंचित मीठ. वाटीत गाळून त्या मैत्रीजवळ गेल्या आणि वाटी तिच्या हातात न देता स्वतःच तिच्या ओठांना लावली.

मैत्री डोळे मिटून प्यायली. शेवटच्या घोटाला तिने वाटी वर केली. वरचा ओठ चिकट झाला होता, तो तिने जिभेने चाटला.

"आजी, अजून दे."

जयमालाचा श्वास मोकळा झाला. तिला वाटलं, सुटले. म्हातारी मनाची मोठी आहे. आता दोन दिवस अबोला, मग सत्यवतीचे टोमणे, नवऱ्याची धुसफुस, आणि मग रुळेल सगळं. असं वाटल्याची लाज तिला पुढे आयुष्यभर पुरली.

चंदाबाईंनी दुसरी वाटी भरली. भरून तशीच हातात धरली. कढणातून वाफ येत होती आणि त्या वाफेकडे बघत होत्या.

"ह्यांनी मागितलं होतं," त्या म्हणाल्या.

"कुणी, आई?" सत्यवतीने विचारलं.

"तुझ्या बाबांनी. शेवटच्या आठवड्यात. दवाखान्यातनं घरी आनलं तवा. तोंडात काय जात नव्हतं, पेज दिली तर थुकायचे. एकदा सकाळी माझा हात धरला नि म्हनाले, चंदा, पायांचं कढण कर ना गो, तेवढं जाईल."

जयमालाला ती सकाळ आठवली. अकरा वर्षांपूर्वीची. ती ओटीवर शाळेची हजेरी लिहीत होती. सासरे आत काहीतरी बोलले, आणि सासू डोळे पुसत बाहेर आली होती. तिने विचारलं होतं, काय झालं, आई? सासू म्हणाली होती, काय न्हाय.

"केलंस?" सत्यवतीचा आवाज फुटला.

"न्हाय. म्हटलं, आधीच माणूस अर्धा झालाय, त्यात माझ्या हातचं बाधलं तर? मी सांगितलं, पाये मिळाले न्हाईत. परत दुसऱ्या दिशी इचारलं. म्हटलं, खाटीक गावाला गेलाय. मग तिसऱ्या दिशी न्हाय इचारलं त्यांनी."

त्यांनी दुसरी वाटी मैत्रीच्या हातात दिली. मग जयमालाकडे वळल्या. पहिल्यांदाच सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. तो असता तर जयमालाने जन्मभर त्याला धरून दिवस काढले असते.

"तू आज मला सांगितलंस, बरं केलंस," चंदाबाई म्हणाल्या. "पन आता त्यांना कोन सांगनार गो?"

जयमाला जमिनीवर बसून होती. या वेळी तिने सासूकडे बघायचं टाळलं नाही.